उत्तरदाती क्रमांक चार

माझा लघुशोधप्रबंध मी सहा वर्षांत एकदाही उघडलेला नाही. तो कुठं आहे ते मला नेमकं माहीत आहे. मुकुटबनजवळच्या आमच्या तांड्यात, आमच्या घरातल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, न नेसलेल्या साड्यांखाली. मरून रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. विभागात त्याला पहिला क्रमांक मिळाला होता. आता मी तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवते, तेव्हा कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, तुम्ही पदवीला कशावर काम केलं होतं?" मी "लोकपरंपरा वगैरे" असं काहीतरी पुटपुटते आणि समोरच्याला चहा घेणार का ते विचारते.

तेव्हा मी यवतमाळला होस्टेलवर राहून बी.ए. करत होते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रबंध लिहायचा होता. निम्म्या वर्गानं बचत गट आणि महिला सक्षमीकरण घेतलं, उरलेल्यांनी मोबाईलचा तरुणांवर होणारा परिणाम. दोन्हींच्या जुन्या फायली कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळायच्या. फक्त गावाचं नाव बदलायचं. मीही बचत गटच घेणार होते, फाईलसुद्धा पाहून ठेवली होती. पण माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "तुझं गाव कोणतं?"

"मुकुटबन, मॅडम."

"खुद्द मुकुटबन?"

"जवळच. तांडा आहे."

तांडा म्हटलं की आम्ही बंजारा हे कळतं, म्हणून अडीच वर्षं मी सगळ्यांना नुसतं मुकुटबनच सांगत आले होते. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. म्हणाल्या, "मग तू बचत गट कशाला करतेस? तुझ्याकडे जे आहे ते या वर्गात कोणाकडेच नाही." एवढ्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात हवा गेली. जे मी लपवत होते, तेच एकदम माझं भांडवल झालं. तिथल्या तिथं मी विषय सांगून टाकला: आमच्या बायकांचं भेटीचं रडणं.

हे रडणं काय ते सांगायला हवं. आमच्यात दोन बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की रडतात. एकमेकींच्या गळ्यात पडायचं, एकच पदर दोघींच्या डोक्यावरून घ्यायचा आणि चालीत रडायचं. बोलायचंही चालीतच. आधी दोन्ही घरांतले मेलेले, एकेकाचं नातं घेऊन. मग आपापल्या मनातलं. सासू सुनेबद्दल बोलेल, सून नवऱ्याबद्दल, बहीण भावाबद्दल. एरवी ज्या गोष्टीनं घरात कुऱ्हाडी निघतील अशी गोष्टसुद्धा पदराखाली बोलता येते. मग तिसरी कोणी पाण्याचा तांब्या आणते, दोघी तोंड धुतात आणि लगेच वेचणी कुठवर आली, तूर फुलली का, असं सुरू होतं. नवखा माणूस पाहील तर चक्रावून जाईल. आत्ता हंबरडा फोडत होती, आता खिदळते आहे.

आणि एक नियम आहे. तांब्याच्या आधीचं तांब्याच्या नंतर काढायचं नाही. आजूबाजूला दहा बायका बसलेल्या असतात, सगळ्यांना सगळं ऐकू जातं, पण कोणीही काहीही ऐकलेलं नसतं. मी सात-आठ वर्षांची असताना मामी आली होती आणि याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या गळ्यात पडून मामाबद्दल काहीबाही बोलली होती. जेवताना मी सगळ्यांसमोर विचारलं, "मामा मामीला मारतो?" याडीनं ताटाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठ दिवस तिथं काळं-निळं होतं. म्हणजे मला नियम माहीत नव्हता असं मला म्हणता येत नाही. मला तो मांडीवर लिहून मिळाला होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी वणीला गाडी बदलून घरी आले. एका दुपारी शेजारच्या सात-आठ बायकांना अंगणात बसवलं, मधे पाटावर मोबाईल ठेवला आणि सांगितलं, "चला, आता रडा."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "अशी कशी रडू व माय? कोनी मेलं-बिलं तं पाह्यजे!" सगळ्या फिदीफिदी हसायला लागल्या. दोघींनी खूप प्रयत्न केला, पदर घेतला, सूरही लावला, पण एकीला मधेच उचकी लागली आणि दुसरीनं पदरातून तोंड काढून मोबाईलला विचारलं, "येऊन राह्यलं का आवाज?" अशी माझी तीन ध्वनिमुद्रणं झाली. तिन्हींमध्ये हसणंच जास्त. ती मॅडमना ऐकवायची माझी हिंमत नव्हती.

इथं काकी येते. माझ्या धाकट्या काकांची बायको, याडीची जाऊ. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. एकच मुलगा, म्हणजे माझा चुलत भाऊ, आणि त्याची बायको, माझी वहिनी. याडी शेतात असताना मला काकीनंच आंघोळी घातल्या, माझ्या उवा काढल्या, शाळेत पहिल्या दिवशी तीच सोडायला आली होती. घरी आम्ही गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत बोलतो. इथं काकीचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे, पण ती तिचीच मराठी आहे, मुकुटबनच्या बाजारात ती बोलते ती.

काकीचं रडणं तांड्यात नावाजलेलं होतं. तिचा सूर फाटायचा नाही आणि शब्दाला शब्द आपोआप जुळत जायचा. पण त्या दुपारी ती आली नव्हती. मी बोलवायला गेले तेव्हा म्हणाली, "थे काय खेळ हाय का?" आणि तूर पाखडत बसली.

नोव्हेंबर संपता संपता मॅडमनी निर्वाणीचं विचारलं, "सामग्री कुठं आहे?" मी शनिवारच्या गाडीनं पुन्हा तांड्याकडे निघाले. वणीपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, खरंच नव्हतं. वणीहून पुढच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर ते सुचलं आणि सुचल्याबरोबर मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं. फाट्यावर उतरले. तांड्याच्या वाटेवर पळसाच्या आडोशाला उभी राहिले, मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू केलं, पुस्तकी आवाजात म्हटलं, "ध्वनिमुद्रण क्रमांक चार, ठिकाण मुकुटबन परिसर, प्रसंग भेट," आणि मोबाईल पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला. मग घरी न जाता थेट काकीच्या दारात गेले. काकी ओट्यावर बसली होती. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवली आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागले.

आमच्या पिढीतल्या मुली असं रडत नाहीत. आम्ही पाया पडतो, फार तर मिठी मारतो. काकी आधी दचकली. मग तिच्या लक्षात आलं की मी चालीत रडते आहे. काकांचं नाव घेते आहे, आजोबांचं घेते आहे, क्रमानं, बरोबर. तिनं पदर ओढला आणि दोघींच्या डोक्यावर घेतला. पदराखाली तिचा कापूस-मातीचा वास आला, लहानपणचा. त्या वासानं माझे डोळे खरेच भरून आले असते. पण पर्स तिच्या पोटाशी दाबली जात होती आणि माझं सगळं लक्ष आवाज दबेल का याच्याकडे होतं.

काकी रडली. आधी काकांसाठी. मग तिनं सूर खाली आणला. 'याडी ये' म्हणजे आई गं, रडण्यातली हाक तशीच असते.

"याडी ये, माझ्या जेठाच्या लेकी, तू आली, मले इचाराले आली. घर भरलं हाय माय, पन घरात रडाले लेकरू नाही. सहा वर्सं झाली, पाळना आढ्याले टांगला तसाच हाय. सून माझी गुनाची, घर राखते, ढोरं राखते, पन तिच्या पोटी माझ्या लेकाचं नाव टिकत नाही. कोनाले सांगू माय? माझ्या हातानं आनली मी तिले, माझ्याच हातानं माझ्या घराचं दार लावलं."

आणखी बरंच होतं. एवढंही मी इथं पुन्हा लिहायला नको होतं, याची मला लाज वाटते. पण ते लिहिल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

पाण्याचा तांब्या वहिनीनं आणला. ती आत चुलीशी होती, रडण्याचा आवाज ऐकून रीतीप्रमाणे बाहेर आली. काकीचे शब्द तिच्यापर्यंत किती पोचले होते ते मला माहीत नाही. पोचले असतील तरी तिनं रीतीप्रमाणे ते ऐकले नव्हते. काकीनं तोंड धुतलं, माझं तोंड स्वतःच्या पदरानं पुसलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत सुटली, "पाहा, कालेजात जाते पन रीत नाही इसरली. माझ्या गळ्यात पडून रडली पोरगी."

हे ऐकताना मी मान खाली घातली. बायकांना वाटलं मी लाजले.

वहिनीबद्दल सांगते. दारव्ह्याकडच्या तांड्यातून आलेली, बारावी झालेली, कमी बोलणारी. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट टिकलं नाही. दुसऱ्या वेळी वणीच्या दवाखान्यात काकी तीन दिवस तिच्या उशाशी बसून होती. घरी आणल्यावर तांड्यातल्या बायका चौकशीच्या निमित्तानं टोचायला यायच्या, तेव्हा काकी दारातूनच खेकसायची, "माझ्या सुनेचं काहून इचारता? आपआपल्या सुना पाहा जा!" सहा वर्षांत वहिनीला ती या बाबतीत वाकडा शब्द बोलली नव्हती. मला आता असं वाटतं की तो शब्द तिच्यात होता, आणि तो वहिनीपर्यंत जाऊ नये म्हणूनच ती तो पदराखाली नेऊन टाकत होती. पण हे आत्ताचं शहाणपण. तेव्हा मी होस्टेलच्या खोलीत कानात इयरफोन घालून तो शब्द पाच-पाच वेळा मागे नेऊन ऐकला आणि वहीत उतरवला.

मॅडमनी उतारा वाचला. डोळे पुसले. "हे सोनं आहे," म्हणाल्या. मग विचारलं, "संमती?"

दुसऱ्याच आठवड्यात मी छापील संमतीपत्रं घेऊन गेले. काकी अंगणात कपडे धूत होती. मी कागद पुढं केला. "काय हाय हे?" तिनं विचारलं.

"कॉलेजचं काम आहे काकी. सही पाहिजे."

तिनं हात लुगड्याला पुसले. वाचायला तिला येत नव्हतं, आणि मी वाचून दाखवलं नाही. तिनं विचारलंही नाही, कारण कागद मी आणला होता. उलट तिला सही करायला मिळते आहे याचाच आनंद झाला होता. बचत गटात अंगठा लावायची लाज वाटते म्हणून वहिनीनं तिला नाव लिहायला शिकवलं होतं. काकी आधी वरची रेघ ओढायची, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लांबलचक, आणि मग एकेक अक्षर तिला टांगायची. अक्षरं संपायची, रेघ उरायची. वहिनी सासूला याडीच म्हणायची. ती आतून म्हणाली, "रेघ लहान काढा ना याडी," आणि काकी म्हणाली, "राहू दे वं, पुढं कामी येईल." तिघीही हसलो.

मग मी लिहायला बसले. प्रबंधाची भाषा मला चांगली जमायला लागली होती, 'सदर समाजातील स्त्रिया' वगैरे. जणू त्या स्त्रियांपैकी कोणी मला कधी आंघोळ घातलीच नव्हती. काकी झाली 'उत्तरदाती क्रमांक चार: विधवा, वय अंदाजे साठ, निरक्षर, एक विवाहित पुत्र'. तिच्या रडण्याचा पूर्ण उतारा मी परिशिष्टात दिला आणि चौथ्या प्रकरणात लिहिलं, 'या विलापातून सुनेच्या अपत्यहीनतेविषयीचा दडपलेला रोष प्रकट होतो.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. ते टाईप करणाऱ्या सेंटरवाल्यालाही मी वाचून दाखवलं. 'अपत्यहीनता' हा शब्द नीट यावा म्हणून दोनदा दुरुस्त करून घेतला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर खूश होते. त्यांनी एकच अवघड प्रश्न विचारला. "एवढं खासगी बोलणं तुम्हाला कसं मिळालं?"

"विश्वास संपादन केला, सर," मी म्हणाले. "संमतीपत्रं जोडली आहेत. परिशिष्ट ब."

सरांनी पानं उलटून पाहिली, चारही संमतीपत्रांवर सह्या पाहिल्या आणि मान डोलावली. त्या क्षणी मला काही वाटलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला फक्त भूक लागली होती.

निकाल लागल्यावर माझी प्रत घेऊन मी घरी गेले. याडीनं प्रबंधाला हळदकुंकू लावलं. वडिलांनी तो टीव्हीशेजारी उभा ठेवला, येणाऱ्याला दिसावा असा. तांड्याचा नायक, म्हणजे आमचा प्रमुख, येऊन सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवून गेला. उघडून कोणीच पाहत नव्हतं आणि मला ते मनातून लागत होतं. एवढं लिहिलं, एक तरी माणूस वाचेल की नाही? म्हणून संध्याकाळी वहिनी दारात येऊन म्हणाली, "बाई, वाचाले देता का? मले वाचाचं हाय," तेव्हा मी आनंदानं तिच्या हातात दिला. जपून वापर, पानं दुमडू नकोस, असंही सांगितलं.

त्यात काय आहे ते मला आठवलं नाही असं नाही. पण नावं कुठं दिली आहेत, क्रमांक तर दिले आहेत, असं काहीतरी मनात येऊन गेलं. काकी म्हणजे खरंच क्रमांक चार झाली होती, माझ्यासाठीसुद्धा. आणि नाव लपवल्याच्या समाधानात मी हे साफ विसरले होते की परिशिष्ट ब मध्ये क्रमांक चारच्या संमतीपत्रावर काकीची सही आहे. ती लांबलचक रेघ आणि तिला टांगलेली अक्षरं. जिनं ती शिकवली होती तिच्याच हातात मी ते पान दिलं.

तीन दिवसांनी वहिनीनं प्रबंध वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणला. एकही पान दुमडलेलं नव्हतं. मी विचारलं, "वाचलंस? कसं वाटलं?" अजूनही मला कौतुकच ऐकायचं होतं.

"शब्द चांगले हायत बाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "अपत्यहीनता म्हंजे मीच ना?"

 तिनं उत्तराची वाटही पाहिली नाही. जाता जाता दारात वळली. "मले आपल्या घरात कोनी असं कधी बोललं नाही," एवढंच म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

त्यांच्या घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला पुढं कितीदा वाटलं. वहिनी काकीला वेळेवर ताट वाढायची, पाणी द्यायची, पाय चेपायची, फक्त तिच्याकडे पाहायची नाही. आठवडाभरानं काकी आमच्याकडे आली. याडी शेतात होती. काकी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "थ्या बुकात मी हाय म्हनते सून. खरं काय?"

"हो."

"मी रडली थे हाय?"

"हो."

"आवाजबी हाय तुयाजवळ?"

मी मान हलवली.

"लाव."

मी लावला. पुसून टाकला असता तर? नाही म्हटलं असतं तर? पण मी चौकशीला बसलेल्या पोरीसारखी गुमान मोबाईल काढला आणि लावला. आधी माझा आवाज आला, शांत, पुस्तकी. ध्वनिमुद्रण क्रमांक चार, ठिकाण मुकुटबन परिसर, प्रसंग भेट. मग पर्सच्या चेनचा आवाज. चपलांचा आवाज. आणि एकदम माझं रडणं.

"बंद कर," काकी म्हणाली. स्वतःच्या आवाजापर्यंत ती गेलीच नाही.

"पयले बोलली थे कोन?"

"मीच, काकी."

"रडाच्या आधी?"

"हो."

 मला वाटलं आता ती मला शिव्या देईल, आणि शिव्या देण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पण ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "तूर काढाची राह्यली," आणि गेली. तूर केव्हाच काढून झाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ आणि वहिनी वणीला खोली करून राहायला गेले. भावाला तिकडं काम लागलं होतं, हे खरं आहे. मी या खऱ्याला अजूनही घट्ट धरून बसते. सणाला ते येतात, काकी जाते, एकमेकींच्या पाया पडणं होतं. पण तांड्यात आता कोणी बाई आली आणि काकीच्या गळ्यात पडली, की काकी तिची पाठ थोपटते आणि म्हणते, "पानी पे." पदर घेत नाही. ती रडते तर कशी रडते, ते मागच्या वर्षीचा एक दिवस सोडला तर गेल्या सहा वर्षांत कोणी ऐकलेलं नाही. म्हाताऱ्या म्हणतात, तिचा गळा गेला. 

मी माफी मागितली नाही. दर सुट्टीत ठरवायचे. काकी धान निवडत असायची, मी बाजूला बसायचे, आणि बोलणं पाऊसपाण्यावर जायचं. कोरड्या तोंडानं माफी कशी मागायची तेच कळत नव्हतं. आमच्यात असं अवघड बोलायला एकच जागा असते, आणि ती मीच बुजवून टाकली होती.

मागच्या वर्षी याडी गेली. मी यवतमाळहून पोचले तोवर अंगण भरलं होतं. बायका वाट देत गेल्या. भिंतीला टेकून काकी बसली होती, आणि तिच्याशेजारी वहिनी, वणीहून आलेली. त्या दोघी तशा बसलेल्या पाहून माझा जो बांध होता तो फुटला. मी काकीच्या गळ्यात पडले. पर्स मी दारातच टाकली होती, हे आजही मला आवर्जून सांगावंसं वाटतं, जणू कोणी तपासणार आहे.

काकीनं पदर घेतला. इतक्या वर्षांनी घेतला, माझ्या याडीसाठी. सूर लावला, तोच सूर, कुठंही न फाटलेला. सासऱ्याचं नाव घेतलं, काकांचं घेतलं, मग जावेचं, पस्तीस वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिलेल्या जावेचं. आणि जिथं तिचं स्वतःचं सुरू व्हायला हवं होतं तिथं ती थांबली. मी तिसऱ्या प्रकरणात मेलेल्यांची नावं घेण्याच्या या भागाला 'औपचारिक आरंभ' म्हटलं होतं. तेवढंच तिनं केलं, त्याच्यापुढं एक शब्द नाही. आणि याडीसाठी रडतानाही हे माझ्या लक्षात आलं, याची मला वेगळी लाज वाटली.

मग मी बोलायला लागले. चालीत, रीतीनं. पदराखालीच म्हणता येईल ते आत्ताच म्हणून घ्यावं, असं मला झालं होतं. "काकी, माझं चुकलं, मी तुझं घर मोडलं, तुझ्या सुनेला..."

काकीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं पदर आमच्या डोक्यांवरून मागं सारला. दोघी उजेडात आलो, सगळ्यांच्या समोर. तिचे गाल ओले होते. ती चालीत बोलली नाही, साध्या आवाजात बोलली, रागही नव्हता त्यात.

"तू नोको बोलू माय. तुयं खरं रडनं कोन्तं, थे मले आता समजत नाही."

वहिनी उठली आणि आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिनं माझ्यापुढं धरला. मी तोंड धुतलं.